पेन ड्राइव्हलाही विचारा, 'थम, कौन आता है?'

नगरा, झाशी

इथल्या दुकानांत पेन्शनचे कागद छापायला पेन ड्राइव्ह घेऊन येणारे निवृत्त जवान नेहमी भेटतात. घरी जाऊन पाहतात तर फोल्डर गायब, जागेवर नुसते शॉर्टकट. मग कोणीतरी सल्ला देतो, "फॉरमॅट मारा." युनिटचे फोटो, डिस्चार्ज बुकाची प्रत, सगळे गेले!

माझे मत स्पष्ट आहे. फॉरमॅटआधी कमांड लाइन वापरा. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करा, काळी खिडकी उघडेल. (इथे मी उच्चार देतोय, टाइप रोमन अक्षरांतच करायचे.) ड्राइव्हचे अक्षर ई असेल तर 'ई:' लिहून एंटर. मग 'डीआयआर /ए'. बहुतेक वेळा हरवलेले फोल्डर या यादीत सापडतात, कारण व्हायरसने ते पुसलेले नसतात, लपवलेले असतात. 'ॲट्रिब -एच -आर -एस /एस /डी *.*' दिले की ते पुन्हा दिसू लागतात. आपले कागद आणि फोटो तेवढे कॉपी करा, शॉर्टकटला हात लावू नका. मग अँटिव्हायरस चालवा आणि खुशाल फॉरमॅट मारा.

हे फक्त फोटोंपुरते नाही. 2010 मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट पेन ड्राइव्हमधून शिरायचा. विंडोजने फोल्डरमधल्या शॉर्टकटचे चित्र दाखवले, की झाले काम. क्लिकचीही गरज नव्हती. ती फट पुढे बुजवली गेली. 2012 मध्ये विशाखापट्टणमच्या नौदल संगणकांबद्दल बातम्या आल्या, तिथेही पेन ड्राइव्हवरचा लपलेला फोल्डरच होता. माउसने उघडणे म्हणजे गेटवर न विचारता आत सोडणे. 'डीआयआर /ए' आधी हजेरी घेते, लपलेल्यांचीसुद्धा.

अर्थात, रस्त्यात सापडलेला ड्राइव्ह लावायचाच नाही. काही ड्राइव्ह कीबोर्ड असल्याचे सोंग घेऊन स्वतःच आज्ञा टाइप करतात, तिथे कुठलीच कमांड वाचवत नाही. आणि खासगी ड्राइव्ह सरकारी संगणकाला कधीच नाही, हे सेवेतल्यांना वेगळे सांगायला नको.

"हे नातवाचे काम," असे बरेच जण म्हणतात. मला पटत नाही. ज्यांनी वायरलेसची सगळी प्रोसीजर तोंडपाठ केली, त्यांना तीन ओळी जड नाहीत. एका चिठ्ठीवर लिहा आणि संगणकाशेजारी चिकटवा. नातवालाही शिकवा.