काही नाही, हाउसवाइफ!

परवा खडकी बाजारातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत आम्ही सगळ्याजणी फॉर्म भरत होतो. नाव, वय, पत्ता झाला आणि पेन अडलं ते 'व्यवसाय' या रकान्यापाशी. शेजारच्या मैत्रिणीला विचारलं, "तुमचं काय लिहू?" ती म्हणाली, "काही नाही, लिहा हाउसवाइफ."

ही बाई पहाटे साडेचारला उठते. नवरा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत, सकाळच्या पाळीला. त्याचा डबा, मुलांची शाळा, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं, आणि दुपारी साड्यांना फॉल-पिको. तरी 'काही नाही'!

घरी येऊन मी शब्दकोश काढला. 'वाइफ'चा जुन्या इंग्रजीतला अर्थ नुसता 'बाई' असा आहे. 'मिडवाइफ' म्हणजे सुईण, बाळंतिणीच्या सोबत असणारी. त्या शब्दात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. म्हणजे हाउसवाइफ ही मुळात घर चालवणारी बाई. ती कुणाची बायको, हा प्रश्नच त्यात नव्हता.

'हजबंड' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. अर्थ घरधनी. पुढे त्यातून 'हजबंडरी' निघाला : शेती, काटकसर, गुरांची निगा. पशुसंवर्धन खात्याच्या इंग्रजी नावात तो आजही आहे. आणि बाईच्या शब्दाचं काय झालं? 'हाउसवाइफ' घाईघाईने उच्चारता उच्चारता त्याचा 'हसी' झाला, आणि सतराव्या शतकापर्यंत ती चक्क शिवी झाली, निर्लज्ज बाईला द्यायची. घर एकच, त्याच्या वाट्याला मान, तिच्या वाट्याला शिवी.

इंग्रजांना हसायचं कारण नाही. आपल्याकडे लग्न न झालेला पुरुषही 'सद्गृहस्थ' असतो, आणि गृहिणी मात्र 'नुसती गृहिणी'. तोंड उघडलं की 'काय भवानी आहे!' म्हणजे देवीचं नावसुद्धा शिवीला कामी येतं.

आमची खडकी छावणीचं गाव, म्हणून आणखी एक अर्थ वाचून मी थबकले. ब्रिटिश फौजेतल्या शिपायाच्या सामानात सुई-दोरा-बटणांची एक कापडी गुंडाळी असे. तिचं नाव 'हाउसवाइफ'! बायको बरोबर नेता येत नाही, तर तिचं काम तेवढं गुंडाळून न्यायचं.

शब्दांचा एवढा कीस कशाला, असं काहीजणी म्हणतील. पण शब्दावरून पैसे ठरतात. २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका 'काम न करणाऱ्यां'त, भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीला बसवल्या होत्या. अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल कडक शब्दांत नापसंती नोंदवली. बाई गेल्यावर तिच्या कामाची किंमत काढायची, आणि जिवंतपणी ते कामच नाही म्हणायचं, हा कुठला न्याय?

२०२३ साली त्याच न्यायालयाने काढलेल्या पुस्तिकेत 'हाउसवाइफ'ऐवजी 'होममेकर' म्हणा, असं सुचवलं आहे. चांगलंच आहे. पण पाटी बदलून काम हलकं होत नाही. २०१९च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. घरकामाला हात लावणारे पुरुष? ९७ मिनिटं. आणि मुळात हात लावणारे पुरुषच थोडे. हे काम मोजलं जायला हवं, वाटून घेतलं जायला हवं, आणि म्हातारपणी त्याच्या नावावर काही आधार मिळायला हवा. माझ्या मते खरी मागणी ही आहे.

आणि सुरुवात आपल्यापासून. मैत्रिणीच्या फॉर्मवर आम्ही शेवटी लिहिलं : घरकाम, आजारी माणसाची सेवा, शिवणकाम. रकाना पुरला नाही, समासात लिहावं लागलं. तिने ते दोनदा वाचलं आणि मग सही केली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात हा रकाना कसा भरता? जरूर कळवा. निदान 'काही नाही' हे दोन शब्द तरी आपण आजपासून टाकून देऊ या.