तोरणाचा हिशेब

दारावरील तोरण हे घराने आल्यागेल्याचे केलेले पहिले स्वागत असते. आंब्याच्या पानांचे तोरण सणापुरते हिरवे राहते, झेंडूचे दोन दिवसांत कोमेजते. मण्यांचे तोरण मात्र पिढ्या पाहते. सुनांचा गृहप्रवेश पाहते आणि लेकींची पाठवणीही.

सोलापूर जिल्ह्यातील एका पेठेच्या गावी भुसारी मालाचा व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबाच्या दारावर असे एक तोरण होते. घरातील वृद्ध आजींना सारे ‘बा’ म्हणत. साठ वर्षांपूर्वी सौराष्ट्रातून सासरी येताना त्यांच्या पेटीत ते आले होते. पांढऱ्या मण्यांची पट्टी आणि तिला खाली लोंबणारी सात पाने. पानांवर पोपट, हत्ती, कमळ. डावीकडील तीन पानांची नक्षी उजवीकडे जशीच्या तशी उमटलेली. मधले पान मात्र एकटे होते. त्यावर मंगलकलश होता.

काठियावाडात या कामाला ‘मोती भरत’ म्हणतात. नाव मोत्याचे, पण मोती काचेचा. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर घडलेले हे काचमणी एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातून सौराष्ट्रात उतरले आणि तेथील स्त्रियांनी त्यांतून चौरस चाकळे, तोरणे, इंढोणी, पंखे घडविले. लेकीच्या आणुंमध्ये, म्हणजे तिच्या सासरी जाणाऱ्या चीजवस्तूंमध्ये, या कामाला मान असे. मराठी घरांत रुखवतावर मण्यांचे हंस आणि कलश मांडतात, त्यामागेही हीच हौस आहे. पुरुषांनी दूरदेशी व्यापार करावा आणि त्या व्यापारातून आलेला जिन्नस स्त्रियांनी घराच्या भिंतीवर अक्षय करावा, अशी ही जोडी होती.

अक्षय्य तृतीयेला कुटुंब नव्या घरात राहावयास गेले. तोरण उतरविताना मधल्या पानाचे जुने सूत तुटले आणि कलश क्षणात फरशीवर विखुरला. नातीने केरसुणी बाजूला ठेवून दाणा न दाणा वेचला. परातीत सारे रंग एक झाले होते.

त्याच आठवड्यात जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी आला. उरलेल्या सहा पानांचीही त्याने जी किंमत सांगितली, ती ऐकून घरातील कर्ते चिरंजीव विचारात पडले. नव्या घराची सजावट करणाऱ्याने दिवाणखान्यासाठी तयार चित्रांची यादी आधीच दिली होती.

“बा, सूत सगळीकडेच कुजले आहे. आज एक पान गेले, उद्या दुसरे जाईल. वस्तूचा एवढा मोह आपणच धरावा का? नाहीतर संग्रहालयाला देऊ,” ते म्हणाले.

संग्रहालयाची गोष्ट वावगी नव्हती. अहमदाबादचे कॅलिको वस्त्रसंग्रहालय 1949 साली गौतम साराभाई आणि गिरा साराभाई या व्यापारी घराण्यातील भावंडांनीच उभे केले, आणि देशाचा केवढा तरी वस्त्रवारसा त्यामुळे राहिला. बांनी ते नाकारले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “तोरण जाऊ दे, त्याचा मोह मला नाही. पण ते करणारा हात या घरात माझ्याबरोबर संपेल. आधी हात देऊ दे कोणाला, मग तोरण कोणालाही दे.”

सतरा वर्षांच्या नातीने सुई हाती घेतली.

रीत सांगावयास सोपी आहे. सुईत दोरा ओवून तीन मणी घ्यावेत आणि दोरा पहिल्या मण्यातून फिरवून आवळावा. तीन मण्यांचा त्रिकोण होतो. पुढे प्रत्येक वेळी दोन नवे मणी ओवून सुई आधीच्या ओळीतील एका मण्यातून काढावयाची. दोन नवे, एक जुना. प्रत्येक मणी शेजाऱ्याला धरून बसतो, म्हणून हे जाळे कापडावाचूनही उभे राहते. काम पुरे झाल्यावर मागे लाल सुती अस्तर लावावयाचे. दोरा फार आवळला तर पान वाकते, सैल राहिला तर नक्षी ओघळते.

साहित्याविषयी बांचे नियम कडक होते. दोरा रेशमाचा नको, कारण कोशातील जीव मारूनच ते रेशीम निघते, सूतच हवे. सुताचे टोक ताठ करावयास मधमाशीचे मेण नको. तांदळाची पातळ खळ लावून ते सुकवावयाचे. शिंपल्याचा खरा मोती नको, काचेचा मणीच बरा. दिव्याखाली काम नाही. चातुर्मासात दिव्याभोवती जीव जमतात, आणि शिवाय दिवसाच्या उजेडात पांढऱ्यातला पिवळा डोळ्याला फसवीत नाही. सकाळची सामायिक आटोपली की खिडकीशी चटई पडे.

त्रिकोण आठ दिवसांत नातीच्या हाती बसला. खरी अडचण पुढे होती. कलशाची नक्षी कोठेही नव्हती. जोडीचे पान नाही, कागद नाही. लग्नाची सारी छायाचित्रे काढून पाहिली. प्रत्येकीत नेमक्या मधल्या पानावर फुलांची माळ आली होती. बांनी आठवून सांगण्याचा प्रयत्न केला. कलशाचा पोट केवढा, त्यावर नारळ कोणत्या ओळीपासून, काहीच जुळेना. दोन वेळा गुंफले, दोन वेळा उसवले. तिसऱ्या वेळी बांनी सुई खाली ठेवली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले डोळे पाणावले होते.

“हे पान माझ्या आईने केले,” त्या म्हणाल्या. “मी नऊ वर्षांची. माझ्याकडे काम एकच, आई मागेल ते मणी मोजून तिच्या तळव्यावर ठेवायचे.”

“मग आजी कसे मागायच्या?” नातीने विचारले.

बांनी डोळे मिटले आणि आईच्याच सुरात म्हटले, “धोळा सात, लाल बे, धोळा सात.” क्षणभर थांबून पुढची ओळ आली. मग त्यापुढची. डोळ्यांना जे आठवत नव्हते ते कानांनी सांभाळले होते.

दुकानी निघालेले चिरंजीव दारातच थबकले. तोलाराने मापे पुकारावीत आणि वहीत ती मांडावीत, हे त्यांचे जन्माचे काम. त्यांनी चप्पल काढली, पिशवीतली कोरी वही काढली आणि खाली बसून ओळींमागून ओळी लिहू लागले. पांढरे 7, लाल 2, पांढरे 7. बा पुकारीत होत्या, ते लिहीत होते, नात मणी मोजीत होती. कोठे बेरीज चुकली तर तेच म्हणत, “बा, ही ओळ एक मण्याने कमी भरते आहे,” आणि बा पुन्हा आईचा सूर लावीत. त्या दिवशी दुकान उशिरा उघडले.

पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी तोरण नव्या दारावर चढले. कलशाचा पांढरा रंग शेजारच्या पानांपेक्षा थोडा उजळ दिसतो, कारण हरवलेल्या मण्यांच्या जागी बाजारातील नवे आले आहेत. जुन्या वस्तूंचा व्यापारी पुन्हा येऊन गेला. त्याला चहा मिळाला, तोरण मिळाले नाही. उरलेल्या सहा पानांचे सूत बदलावयाचे आहे. नात सुटीच्या दिवशी एकेक पान उतरविते, आधी त्याच्या ओळी वहीत उतरवून घेते आणि मगच दोरा कापते.

दिवाळीला चोपडापूजनासाठी पाटावर नव्या वह्या मांडल्या गेल्या. त्यांच्या शेजारी चिरंजीवांनी ती वहीही ठेवली. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले आणि त्याखालची ओळ तशीच राहू दिली: पांढरे 7, लाल 2, पांढरे 7.