छातीतली शाळा

छातीच्या हाडामागे, हृदयाच्या थोडी वर, थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. मराठी पुस्तकांत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात. नावातच सगळे आले. लहानपणी ती मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. कितीतरी वर्षे डॉक्टरांना ती निरुपयोगीच वाटे. १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढली, तर ते जंतुसंसर्गाने मरू लागले.

अस्थिमज्जेत जन्मलेल्या काही पेशी या ग्रंथीत येऊन ‘टी पेशी’ बनतात. परीक्षा फार कडक. शंभरातल्या जेमतेम दोन-चार पास होतात. जी आपल्याच शरीरावर उठेल, तिला बहुतेक वेळा तिथेच संपवले जाते. बोर्डाचा निकाल असा लागला तर पालक शाळेला कुलूप ठोकतील!

पास झालेल्या पेशी काखेतल्या, मानेतल्या गाठींत आणि प्लीहेत जाऊन थांबतात. जंतूशी गाठ पडली की खऱ्या तयार होतात, आणि काही जणी ती ओळख वर्षानुवर्षे जपतात. बाळाला जन्मताच देतात ती बीसीजी लस त्यांना क्षयाच्या जंतूची ओळख करून देते.

कुपोषणाने मात्र ही ग्रंथी सुकते. आपल्या धाराशिवमधून ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरे फडावर राहतात. अंगणवाडीचा आहार आणि लसीची तारीख, दोन्ही मागे राहतात. पोटभर अन्न मिळू लागले की ग्रंथी पुन्हा भरू लागते, एवढे बरे. लेकरू नानी-दादीकडे ठेवता येत नसेल तर लसीचे कार्ड सोबत न्या. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात राहिलेली लस मोफत मिळते.