साहेब, खुशाल फटकारा. पण उत्तर द्या!



हे पत्रक खरं तर आयपीएल संघांचे मालक आणि भारतीय क्रिकेट मंडळाचे पदाधिकारी यांच्यासाठी आहे. पण ते तिकिटाच्या रांगेत उभे राहत नाहीत, म्हणून तुमच्या हातात देतो आहोत.

मोठ्या माणसाने टीकाकाराच्या तोंडी लागू नये, असा एक सभ्य सल्ला या मंडळींना सतत दिला जातो. गप्प बसावं, फारच बोभाटा झाला तर दोन ओळींचं निवेदन काढावं आणि धुरळा खाली बसायची वाट पाहावी. आम्हाला हा सल्ला साफ नामंजूर आहे. मालकाने चिडावं, पत्रकाराला ठणकावून सांगावं, ‘तुम्हाला यातलं काही कळत नाही’ असं तोंडावर म्हणावं. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये आम्ही याहून जहाल ऐकतो, आणि ऐकवतोही. अट एकच आहे. बोलणाऱ्याने समोर बसावं, उलट प्रश्न येईपर्यंत उठू नये, आणि विचारणाऱ्याच्या हातातला माईक काढून घेऊ नये.

फटकळ उत्तराचा फायदा काय, ते २०१३ मध्ये दिसलं. मे महिन्यात सट्टेबाजीच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी गुरुनाथ मय्यप्पन यांना अटक केली. ते मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचे जावई. चेन्नईचा संघही श्रीनिवासन यांच्याच इंडिया सिमेंट्सचा. दोनच दिवसांनी कोलकात्यात ते पत्रकारांसमोर बसले आणि राजीनामा देणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. जावई संघाचा मालक नाही, प्रमुखही नाही, नुसता हौशी क्रिकेटप्रेमी, हा त्यांच्या बाजूचा पवित्रा होता. लोकांना तो उर्मटपणा वाटला. होताही. पण हा दावा चारचौघांत झाला, नोंदीवर आला, म्हणून तो तपासता आला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या मुद्गल समितीने २०१४ मध्ये तो खोडून काढला. २०१५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या नियमातली हितसंबंधांची पळवाट रद्द केली आणि जुलैत न्यायालयाच्याच लोढा समितीने चेन्नई व राजस्थान या दोन्ही संघांना दोन वर्षं बाहेर बसवलं. ठासून केलेला दावा खोटा पाडता येतो, मौनाचं मात्र काहीच करता येत नाही.

श्रीनिवासन कोलकात्यात बोलले त्याच आठवड्यात मुंबईत भारतीय संघ इंग्लंडला निघण्यापूर्वी पत्रकार परिषद झाली. प्रश्न अर्थातच सट्टेबाजीचे आले. कर्णधार धोनी नुसता हसत राहिला आणि शेजारी बसलेला व्यवस्थापक ते प्रश्न बाजूला सारत राहिला. त्या हसण्यातून कुणाला काय कळलं? आजही आम्हाला श्रीनिवासन यांच्या त्राग्यातून जास्त कळलेलं आहे.

आता माईक काढून घेण्याबद्दल. २०१९ च्या विश्वचषकात संजय मांजरेकर रवींद्र जडेजाला ‘तुकड्या-तुकड्यांचा खेळाडू’ म्हणाले. जडेजाने जाहीरपणे, चांगल्याच कडू शब्दांत सुनावलं आणि उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध ५९ चेंडूंत ७७ धावा ठोकल्या. हिशोब तिथेच मिटला होता. टीका झाली, उत्तर मिळालं, बॅटनेही मिळालं. पण पुढच्या मार्चमध्ये मांजरेकरांना मंडळाच्या समालोचकांतून वगळण्यात आलं. मंडळाने कारण जाहीर केलं नाही. त्याआधी २०१६ मध्ये हर्षा भोगले आयपीएलच्या तोंडावर असेच बाहेर गेले आणि का, ते आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं त्यांनीच लिहिलं. खेळाडू खुलेपणाने चिडला, मंडळाने गुपचूप दार लावलं. यात मर्द कोण, ते तुम्हीच ठरवा. (समालोचक नेमणारे आणि ज्यांच्यावर समालोचन व्हायचं ते एकच असले की असंच व्हायचं.)

‘मालक बोलले की तमाशा होतो’ म्हणणारे हैदराबादचा दाखला देतील. ८ मे २०२४. लखनौच्या १६५ धावा हैदराबादने ९.४ षटकांत एकही गडी न गमावता पार केल्या. सामना संपल्यावर सीमारेषेजवळ लखनौचे मालक संजीव गोएंका हातवारे करत के. एल. राहुलशी बोलत होते. शब्द ऐकू आले नाहीत, पण घराघरात दिसत होतं. याला रोखठोकपणा म्हणू नका. रोखठोकपणा उलट बोलू शकणाऱ्याशी करायचा असतो. कराराने बांधलेला कर्णधार कॅमेऱ्यांसमोर मालकाला काय उत्तर देणार? तोच राग पत्रकारांपुढे निघाला असता, ‘हा संघ मी निवडला, या चुका माझ्या, त्या कर्णधाराच्या’ असं त्यांनी मांडलं असतं, तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि बंगळुरू. ते विसरायचं नाही. ३ जून २०२५ च्या रात्री तिथल्या संघाला अठराव्या हंगामात आयपीएलचा पहिला चषक मिळाला. दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. आपल्यासारखेच, विजयी संघ बघायला आलेले. क्लबने दुःख व्यक्त केलं, मदत जाहीर केली, आणि मग त्याचं समाजमाध्यमांवरचं खातं जवळजवळ तीन महिने, २८ ऑगस्टपर्यंत, मुकं झालं. मिरवणुकीचं आवतण याच खात्यावरून गेलं होतं. पोलिसांच्या परवानगीवाचून ते गेलं, हे आम्ही केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या आदेशात वाचलं, क्लबकडून नव्हे. वकिलांनी गप्प राहायला सांगितलं असेल. वकिलाचं कामच ते. पण मेलेल्यांच्या घरच्यांना ‘आवतण कुणी पाठवलं’ एवढं विचारायला खटला कशाला लागावा?

‘मंडळ खाजगी आहे, तुम्हाला हिशोब कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी हेही ऐकावं. २०१८ मध्ये विधी आयोगाने क्रिकेट मंडळ माहिती अधिकाराखाली आणा, अशी शिफारस केली होती. २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्यात तो अधिकार सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांपुरता ठेवला गेला. क्रिकेट मंडळ सरकारी अनुदानावर चालत नाही, म्हणजे सुटलं. तेव्हा अर्ज करून उत्तर मिळायची सोय नाही. उरली ती पत्रकार परिषद, आणि तीही यांना नको आहे.

म्हणून आमची मागणी: संघाचा वाद असो की दुर्घटना, चोवीस तासांच्या आत ज्याच्या सहीने पैसे जातात त्याने स्वतः पत्रकारांपुढे बसावं. प्रशिक्षकाला किंवा बावीस वर्षांच्या गोलंदाजाला पुढे करू नये. प्रश्न आधी लिहून मागू नयेत. समालोचकाला काढलं, तर कारण त्याला लेखी द्यावं आणि आम्हालाही कळू द्यावं. भाषा कशीही चालेल. शिव्या खायची आम्हाला सवय आहे.

पुढच्या हंगामाचं तिकीट काढताना हे पत्रक खिशात ठेवा. मालक स्टँडजवळून हात हलवत गेले, तर सेल्फी मागण्याआधी एक प्रश्न विचारा.

— पदरचे पैसे मोडून सामने बघणारे काही प्रेक्षक

(वाचून झाल्यावर टाकू नका, शेजारच्याला द्या.)