टोळधाड आणि शेजारधर्म

दोन शेजाऱ्यांचे भांडण झाले, की बोलणे थांबते, येणेजाणे थांबते. पण दोघांच्या सामाईक भिंतीला वाळवी लागली तर काय करावे? अबोला धरून बसल्यास भिंत दोघांचीही पडते. राष्ट्रांच्या बाबतीतही असेच घडते. ज्या राष्ट्रांत वैर आहे, त्यांच्यात विश्वास कसा निर्माण व्हावा? विज्ञानाने या प्रश्नाला दिलेले एक साधे उत्तर आपल्या देशातच पाहावयास मिळते.

दिल्लीलगतचे फरीदाबाद कारखान्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. पिकांचे कीड व रोगांपासून रक्षण करण्यासाठी स्थापन झालेल्या केंद्रीय वनस्पती संरक्षण संचालनालयाचे मुख्यालय याच शहरात आहे. ‘टोळ इशारा संघटना’ हा त्याचाच एक विभाग. राजस्थान व गुजरातमधील सुमारे २ लाख चौरस किलोमीटर वाळवंटी प्रदेशावर ती लक्ष ठेवते. ही संघटना १९३९ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे एक उपकेंद्र कराचीत होते. पुढे १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि थरच्या वाळवंटाचीही वाटणी झाली. टोळांची वाटणी मात्र कोणालाच करता आली नाही.

टोळ एकटा असतो तेव्हा निरुपद्रवी असतो. पाऊस पडून वाळू ओलावली, हिरवळ उगवली, की त्याची संख्या झपाट्याने वाढते आणि त्याचे थवे बनतात. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. असा थवा एका दिवसात सुमारे ३५,००० माणसांना पुरेल इतके अन्न फस्त करतो आणि वाऱ्याबरोबर दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत जातो. वसंतात इराण व बलुचिस्तानात वाढलेले टोळ पावसाळ्याच्या सुमारास राजस्थानकडे येतात. येथे वाढलेली पिढी शरद ऋतूत पुन्हा पश्चिमेकडे परतते. म्हणून आपल्याकडील टोळांची बातमी शेजाऱ्यापासून लपविणारा देश काही महिन्यांनी स्वतःच्याच शेतावर संकट ओढवून घेतो.

हे ओळखूनच संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९६४ मध्ये नैऋत्य आशियासाठी टोळ नियंत्रण आयोग स्थापन केला. अफगाणिस्तान, भारत, इराण आणि पाकिस्तान हे त्याचे सदस्य. भारत व पाकिस्तान यांचे टोळ अधिकारी जून ते नोव्हेंबर या काळात सीमेवरील मुनाबाव किंवा पलीकडील खोखरापार येथे भेटण्याची प्रथा पडली. कोठे अंडी दिसली, कोठे पिले निघाली, थवे कोणत्या दिशेने गेले, एवढेच तेथे बोलले जाई.

या व्यवस्थेची कसोटी २०२० मध्ये लागली. वर्षाच्या प्रारंभीच पाकिस्तानने टोळधाडीमुळे राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. मे महिन्यात थवे राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात शिरले. अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत शेतकरी डबे आणि ताटे बडवत शेतांत उभे राहिले. भारताने इराणला कीटकनाशक पुरविले. त्या वेळी भारत व पाकिस्तान यांचे राजकीय संबंध अतिशय ताणलेले होते. तरीही अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने चारही देशांच्या तज्ज्ञांच्या बैठका दर आठवड्याला दूरसंवादाद्वारे होत राहिल्या.

अशा बैठकांनी युद्धे टळतात काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. आयोग स्थापन झाल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, दोन्ही देशांत युद्ध झाले. २०२५ मध्ये पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर संबंध पुन्हा विकोपाला गेले. दहशतवादाचा प्रश्न टोळांच्या बैठकीत सुटत नाही आणि तशी अपेक्षा ठेवणेही भाबडेपणाचे ठरेल.

तरीही अशा सहकार्याचे मोल कमी होत नाही. विश्वास आधी आणि सहकार्य नंतर, असा क्रम आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो बहुधा उलटा असतो. पलीकडून आलेली माहिती खरी की खोटी, हे काही दिवसांत शेतावरच कळते. ती दहा वेळा खरी ठरली, की अकराव्या वेळी माणूस तिच्यावर विसंबतो. विश्वास भाषणांनी नव्हे, तर अशा पडताळलेल्या खरेपणाने वाढतो.

म्हणूनच संबंध चांगले असताना अशी व्यवस्था उभारावी आणि संबंध बिघडले असताना ती अधिक जपावी. सीमेचे रक्षण करणे हे राष्ट्राचे कर्तव्यच आहे. पण सीमेच्या दोन्ही बाजूंना पोटासाठी राबणारा शेतकरीच असतो आणि टोळ कोणाचेही पीक ओळखून खात नाही. सामाईक भिंतीची वाळवी वेळीच काढणे, हा शेजारधर्म भांडणातही पाळता येतो.