दोन रुपयांच्या भागाचे परावलंबन

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या खेड्यातून ‘आधार’ योजनेचा आरंभ झाला. पुढे सातपुड्याच्या पाड्यांवरील वनवासी कुटुंबाचा शिधाही अंगठा ओळखणाऱ्या यंत्राशी जोडला गेला. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत नेटवर्क नसेल तर टेकडी चढून ते शोधता येते. पण यंत्रातील एखादी चिप निकामी झाली आणि तिचे उत्पादनच परदेशात बंद पडले असेल, तर ती कोणत्या टेकडीवर शोधायची?

ही शंका काल्पनिक नव्हे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस नेदरलँड्स सरकारने चिनी मालकीच्या नेक्स्पेरिया कंपनीवर नियंत्रण आणले. चीनने लगोलग तेथील आपल्या भूमीवर बनणाऱ्या मालाची निर्यात रोखली. अडले काय? डायोड, ट्रान्झिस्टर असे अगदी किरकोळ किमतीचे भाग. तेवढ्यासाठी होंडाला मेक्सिकोतील मोटारनिर्मिती थांबवावी लागली. त्याच वर्षी दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांची चीनने कोंडी केली, तेव्हा पुण्याच्या बजाज ऑटोच्या विजेवरील ‘चेतक’चे उत्पादन घसरले होते.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने चिपनिर्मितीसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली, मार्च २०२४ मध्ये धोलेरा येथील कारखान्याची पायाभरणी झाली. १९८९ साली मोहालीचा सरकारी चिप कारखाना आगीत भस्मसात झाल्यानंतर वाया गेलेली वर्षे आठवली, की या पावलांचे मोल कळते. परंतु सर्वच भाग येथे बनतील, अशी आशा कोणत्याही देशाला करता येत नाही. म्हणून प्रश्न उरतो तो यंत्राच्या आराखड्याचा.

१९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्याचा अभिमान रास्तच आहे. मात्र त्याच्या पोटात ब्रिटिश इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, हे आपण फारसे सांगत नाही. (सांगायला हरकत नसावी!) त्यानंतरच्या ‘परम ९०००’ची रचनाच अशी केली गेली, की त्यात निराळ्या कंपन्यांचे प्रोसेसर बसावेत. आराखडा आपला होता, म्हणूनच हे शक्य झाले.

शिधावाटपाची यंत्रे असोत की सौरपंपांचे नियंत्रक, शासनाने निविदा काढताना केवळ किंमत व हमीची वर्षे पाहून भागणार नाही. प्रत्येक महत्त्वाच्या भागाला दुसरा उत्पादक कोण, एखादा भाग बंद होणार असल्यास पुरवठादार किती आधी कळवील, यंत्राच्या आयुष्यभर पुरेल असा साठा कोठे ठेवील आणि आराखड्याची मालकी कोणाची, ही चार उत्तरे लेखी घेतल्याविना राज्याने एकही यंत्र सातपुड्यात पाठवू नये.