सौर घराचे जनित्र पावसाळ्यासाठी निवडावे

वैनगंगेच्या पूर्व काठावरील वडसा (देसाईगंज) तालुका हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख होय. गावठाणात वीज असली तरी जंगलालगतच्या शेतांवर, बोडीच्या पाळीशेजारी राखणीसाठी बांधलेल्या घरांपर्यंत तारा नेणे पुष्कळदा परवडत नाही. अशा घरांना सौर विजेने मोठा आधार दिला आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या सौभाग्य योजनेत, तारा पोहोचू न शकणाऱ्या दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा सौर संच, पाच एलईडी दिवे व एक पंखा अशी तरतूद होती. अनेक शेतकरी स्वखर्चानेही याहून मोठे संच बसवितात.

परंतु आषाढ-श्रावणात झडी लागली आणि तीन-चार दिवस सूर्यदर्शन झाले नाही, म्हणजे बॅटऱ्या उतरतात व घर अंधारात जाते. या भागात अंधार ही केवळ गैरसोय नव्हे. पावसाळ्यात साप कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात. २०२१ मध्ये छत्तीसगडातून आलेला रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यातील शेतशिवारांत फिरला. अनेक माणसांचा बळी घेणारा ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा येथील जंगलातच जेरबंद करण्यात आला. अंगणातील दिवा अशा ठिकाणी कुंपणाइतकाच आवश्यक असतो. तेव्हा सौर संचास जोड म्हणून लहानसे जनित्र, म्हणजे जनरेटर, घ्यावे असा विचार शेतकऱ्याच्या मनात येतो आणि तो योग्यही आहे. प्रश्न आहे तो निवडीचा.

बाजारात जाणारा शेतकरी बहुधा असा हिशेब करतो की, एवीतेवी यंत्र घ्यावयाचेच तर ते मोठे असावे. घराचे दिवे चालतील, वेळप्रसंगी विहिरीवरील पंपही चालेल. हा हिशेब वरवर व्यवहारी वाटला तरी तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत पुढील अनेक वर्षे मोजावी लागते.

घराचा हंगाम वेगळा, पंपाचा वेगळा

सौर घराला जनित्राची गरज लागते ती आभाळ भरलेले असताना. त्या वेळी बांधीत पाणी साचलेले असते व पंप बंद असतो. याउलट पंप लागतो तो उन्हाळी धानाला, भाजीपाल्याला, किंवा रोवणीच्या सुमारास पावसाने ओढ दिली तर पऱ्हे वाचविण्यासाठी. पावसाने ओढ दिली म्हणजे बहुधा ऊनही पडते, आणि ऊन असले म्हणजे सौर पंप बॅटरीवाचून थेट चालतो. २०१९ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री कुसुम योजना आणि राज्य शासनाची २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. धानाची मळणी दिवाळीनंतर, निरभ्र दिवसांत होते. म्हणजेच घर व पंप यांना जनित्राची गरज एकाच वेळी क्वचितच लागते. ही दोन कामे एका यंत्राच्या गळ्यात बांधणे हे सर्व चुकांचे मूळ होय.

पंपाच्या मोटारीचा आणखी एक गुण ध्यानात घेतला पाहिजे. चालू होण्याच्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट विद्युत्प्रवाह ओढते. त्यामुळे एक अश्वशक्तीची मोटार सुरू करण्यासही सुमारे तीन केव्हीए क्षमतेचे जनित्र लागते. मोटार मोठी असेल तर त्याहून अधिक. असे यंत्र घरात आणल्यावर वर्षातील बहुतेक वेळ ते चार दिवे व दोन पंखे यांच्यासाठी चालते. डिझेल इंजिन आपल्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भारावर दीर्घकाळ चालविले, तर ते पुरेसे तापत नाही. इंधन अर्धवट जळते, सायलेन्सरमध्ये काजळी व तेलकट राळ साचते आणि इंजिनाचे आयुष्य घटते. यंत्रासाठी अधिक पैसा मोजूनही इंधनाची बचत होत नाही, ती नाहीच. वडशाच्या लोकांस झाडीपट्टी नाटकांचे मंडप परिचित आहेत. रात्रभर रंगमंच उजळण्यास मोठे जनित्र हवे हे खरे. परंतु नाटक संपल्यावर ते कोणी घरी ओट्यावर आणून ठेवीत नाही. शेतीच्या एखाद्या अवजड कामास मोठे यंत्र लागलेच तर ते त्या दिवसापुरते भाड्याने आणावे.

आकारमान बॅटरीवरून ठरवावे

जनित्राचा आकार घरातील दिव्यांवरून ठरविण्यापेक्षा बॅटरी भरण्यास किती वीज लागते यावरून ठरविणे श्रेयस्कर होय. उदाहरणार्थ, नऊ वॅटचे पाच दिवे पाच तास, सुमारे ३० वॅटचे कमी वीज खाणारे दोन पंखे दहा तास, आणि एक लहान दूरदर्शन संच तीन तास, असा खर्च धरला तर दिवसाला सुमारे एक युनिट वीज लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत मिळून ३.६ युनिट वीज साठते. शिशाच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी हा नियम पाळल्यास १.८ युनिट हाती राहते; म्हणजे सूर्य नसतानाही जवळजवळ दोन दिवस निभावतात. जनित्राचे काम तिसऱ्या दिवशी सुरू होते.

या बॅटऱ्या त्यांच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे १५ अँपिअरने, भराव्यात. दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टचा संच केला असल्यास चार्जरमधील घट धरून त्यास सुमारे ६०० वॅट लागतात. त्याच वेळी घरातील १५० वॅटचा वापर धरला तरी एकूण भार ७५० वॅट होतो. म्हणून एक किलोवॅटचे जनित्र या घरास पुरेसे आहे; ते सुमारे पाऊण भारावर, म्हणजे इंजिनास मानवणाऱ्या भारावर चालेल. तीन तास चालविल्यास बॅटरीत एका दिवसाच्या गरजेपुरती वीज जमा होते व दीड ते दोन लिटर पेट्रोल जळते. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांहून महाग असताना ही वीज स्वस्त नाही. झडीपुरतीच ती वापरावी, हे यावरून उघड आहे.

याच कारणास्तव जनित्र घेण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. ७५ वॅटचा जुना पंखा बदलून कमी वीज खाणारा बसवावा, आणि शक्य असल्यास एक सौर पॅनेल वाढवावे. दाट ढगांतही पॅनेल थोडीफार वीज देते. त्यामुळे जनित्र चालविण्याचे दिवस कमी होतात. बॅटरी मात्र घाईने वाढवू नये. पूर्ण न भरलेली शिशाची बॅटरी आतून खराब होत जाते, आणि पावसाळ्यात मोठी बॅटरी भरणे अधिकच कठीण जाते.

यंत्र घेताना त्याची वीज आपल्या चार्जरला किंवा इन्व्हर्टरला मानवते काय, हे दुकानातच जोडून पाहावे. इन्व्हर्टर पद्धतीच्या लहान जनित्राची वीज अधिक स्थिर असते व भार कमी झाला की त्याच्या इंजिनाचा वेगही उतरतो. किंमत मात्र जास्त असते. ज्या यंत्राचे सुटे भाग व कारागीर वडसा, ब्रह्मपुरी किंवा आरमोरी येथे मिळतात, त्यालाच पसंती द्यावी.

चालविण्याची वेळ

जनित्र संध्याकाळी, दिवे लावण्याच्या वेळी सुरू करण्याची प्रथा दिसते. ते सकाळी चालविणे अधिक फायद्याचे आहे. रात्रीच्या वापराने बॅटरी सर्वाधिक उतरलेली असते व त्या अवस्थेत ती वीज झपाट्याने घेते. शेवटचा पाचवा हिस्सा मात्र फार सावकाश भरतो. त्यासाठी पेट्रोल जाळीत बसण्यापेक्षा ते काम दिवसभरच्या अंधुक प्रकाशावर सोपवावे.

गोबर गॅस व धानाचे तूस

गोबर गॅसवर इंजिन चालते, मग पेट्रोल कशास, असा प्रश्न विचारला जातो. चार-पाच जनावरांच्या सुमारे ५० किलो शेणापासून रोज दोन घनमीटर गॅस मिळतो आणि त्यातून दोन-तीन युनिट वीज होऊ शकते. परंतु तोच गॅस घरची चूल पेटवितो व जंगलातील सरपण वाचवितो. तो चुलीसाठीच राखणे अधिक हिताचे आहे. धानगिरण्यांतील तुसापासून वायू करून वीज निर्माण करण्याचा प्रयोग बिहारमधील तमकुहा गावी २००७ मध्ये यशस्वी झाला. त्यास सतत देखरेख व गावभर ग्राहक लागतात. गावाने मिळून विचार करावा अशी ती योजना आहे. एका घरासाठी ती नव्हे.

जागा व सुरक्षितता

पाऊस लागतो म्हणून जनित्र ओसरीत किंवा खोलीत चालविणे प्राणघातक आहे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वासही नाही; झोपलेल्या माणसास तो उठूही देत नाही. घरापासून दूर, दारे-खिडक्यांच्या वाऱ्याखाली, चारही बाजूंनी मोकळ्या छपराखालीच ते चालवावे. यंत्रास भूसंपर्क असावा. तापलेल्या यंत्रात पेट्रोल कधीही ओतू नये.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने काठावरील गावांत पाणी शिरले होते. लहान जनित्र दोन माणसे सहज उचलून उंचावर नेऊ शकतात. शंभर किलोहून जड डिझेल यंत्र पाण्यातच राहते. पावसाळा संपल्यावर टाकीतील व कार्ब्युरेटरमधील पेट्रोल काढून घ्यावे, अन्यथा ते चिकट होऊन पुढील मृगात यंत्र सुरू होत नाही.

सौर घराचा खरा पोशिंदा सूर्यच आहे. जनित्र हा झडीच्या दिवसांतील गडी होय. गड्यास पेलेल तेवढेच काम त्यास द्यावे आणि त्या कामाच्या मापानेच त्याची निवड करावी. असे केले म्हणजे शेतकऱ्याचा पैसा वाचेल व अंगणातील दिवा ऐन पावसातही तेवत राहील.